उपनगरातल्या वाचनालयाचा आणि समाजकेंद्राचा नक्की उपयोग कसा करून घ्यायचा?

मनीप्लांट

खूप दिवस वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

काही महिन्यांपूर्वी आम्ही शहराच्या गर्दीतून उपनगरात राहायला आलो. घर मोठं मिळालं, हवाही बरी आहे, पण ओळखी म्हणाल तर लिफ्टमध्ये माना डोलावण्यापुरत्या. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सार्वजनिक वाचनालय आहे आणि त्याला लागूनच समाजकेंद्र. बाहेर भलामोठा सूचना फलक. त्यावर एकावर एक इतके कागद की खालचा कुठला आणि वरचा कुठला कळू नये.

एकदाची आत गेले. कपाटांमधून हिंडले, दोन-चार पुस्तकं काढून चाळली, जिथली तिथे ठेवली. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "काही हवंय का?" मी म्हटलं, "नाही, सहज बघतेय." कपड्यांच्या दुकानात म्हणतो ना, तसंच! आणि आले बाहेर.

खरं तर हवं बरंच काही आहे. मुलगी सहा वर्षांची, अक्षरं जुळवून वाचायला लागलीय, पण चित्रं संपली की पुस्तक मिटते. सासरे जन्मभर वाचत आलेले. आता डोळे साथ देत नाहीत आणि पुस्तक धरलं की हात थरथरतात. मी घरूनच काम करते. दुपारी तासाभरासाठी तरी घराबाहेर टेकायला जागा हवी असते, नाहीतर दिवसभर त्याच चार भिंती. यजमानांचं मत: "सगळं मोबाईलवर मिळतं, कशाला ते कार्ड नि फिर्ड!"

तर कादंबऱ्या बदलून आणण्यापलीकडे वाचनालयाचा आणि त्या शेजारच्या केंद्राचा काय काय उपयोग होतो? तुम्ही प्रत्यक्ष काय वापरता? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रात्रपाळी

यजमानांना अनुमोदन. आमच्याकडचं वाचनालय मी घराबाहेर पडल्यावर उघडतं आणि मी घरी यायच्या आत बंद होतं. नक्की कोणासाठी चालवतात कोण जाणे. ई-पुस्तकांचं ॲप टाकून पाहिलं, तर तिथेही रांग! अहो, फाईलला कसली आलीय रांग? असो. तुम्हाला शुभेच्छा.

काउंटरपलीकडून

मनीप्लांटताई, मी नोकरीची सगळी वर्षं त्या बाईंच्याच खुर्चीत काढली, आता निवृत्त आहे. त्यामुळे प्रतिसाद लांबणार, आधीच सांगतो.

"सहज बघतेय" म्हटलं की आम्ही गप्प बसतो. वाचकाच्या मागे लागायचं नाही, हे आमच्या अंगात मुरलेलं असतं. पण वर तुम्ही जे चार ओळींत लिहिलंत (सहा वर्षांची मुलगी, सासऱ्यांचे डोळे आणि हात, दुपारची जागा) ते जसंच्या तसं त्या काउंटरवर बोललात, तर निम्मं काम तिथेच होईल. वाचनालयात पुस्तक मागायला जाण्यापेक्षा अडचण घेऊन जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

का ते सांगतो. माणसं जे विचारतात आणि त्यांना जे हवं असतं, त्यात फार अंतर असतं. एकदा एक गृहस्थ आले, म्हणाले, "कायद्याची पुस्तकं कुठे आहेत?" मी कपाट दाखवलं. ते समोर उभे राहिले, एक जाडजूड ग्रंथ काढला, उलटसुलट करून परत ठेवला. थोड्या वेळाने मी जवळ जाऊन विचारलं, "कशासाठी हवंय ते सांगता येईल का? नाही सांगितलंत तरी चालेल." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. वरच्या मजल्यावरून भिंतीला ओल येत होती, त्यावरून शेजाऱ्यांशी वाजलं होतं आणि त्यांच्याकडून नोटीस आली होती. घडीवर घडी इतक्या वेळा पडलेली की कागद मधोमध फाटायला आलेला. त्या माणसाला कायद्याचा ग्रंथ घेऊन काय करायचं होतं? शेजारच्या समाजकेंद्रात ठरावीक शनिवारी वकील मोफत सल्ला द्यायला बसत. मी चिठ्ठीवर वार, वेळ आणि खोली लिहून दिली, सोबत काय काय न्यायचं ते लिहिलं आणि नोटिशीची प्रत काढून दिली. पुस्तक एकही गेलं नाही. पण माझ्या हिशेबी त्या दिवसातलं ते सगळ्यात चोख काम.

आमच्या धंद्यात याला संदर्भसेवा म्हणतात. एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. काउंटरवरच्या माणसाला न विचारता कपाटांतून हिंडण्यात मजा जरूर आहे, मीही हिंडतो. पण घाईची गरज असेल तर विचारावं. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. ग्रंथपाल औषध सांगणार नाही की खटला कसा लढवायचा ते सांगणार नाही. भरवशाची माहिती कुठे आहे आणि तिच्यासाठी बसणारा माणूस कोण, एवढं दाखवेल. आणि तुम्ही काय नेलंत, काय विचारलंत हे दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. ते सांगणं आमच्यात पाप समजतात.

आता कपाटांविषयी. पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे बघून लोक बिचकतात. ती दशांश पद्धत मेल्विल ड्युईने १८७६ साली काढली, सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग पाडून. सगळी पाठ करायची गरज नाही, आपापल्या गरजेचे चार-सहा आकडे माहीत असले की पुरे. मुलांचं संगोपन ६४९. आणि गंमत बघा, घरातल्या आजारी किंवा अपंग माणसाची देखभाल ६४९.८. म्हणजे तुमची लेक आणि तुमचे सासरे एकाच फळीवर! घरातल्या पैशांचं नियोजन ३३२.०२४, घराची डागडुजी ६४३.७, बागकाम ६३५, वृद्धांच्या आजारांवरची पुस्तकं ६१८.९७. हवं ते पुस्तक सापडलं की त्याच्या डावी-उजवीकडची दोन-दोन बघायची. बऱ्याचदा उपयोगाचं पुस्तक शेजारी निघतं.

मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६. ड्युईने इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक या भाषांना प्रशस्त घरं दिली आणि उरलेल्या जगाला ८९० च्या खोलीत कोंबलं. म्हणून ज्ञानेश्वरांपासून आजच्या कवीपर्यंत सगळे आपले दशांशचिन्हाच्या पलीकडे. याचा राग मला नोकरीभर यायचा, अजूनही येतो. बऱ्याच वाचनालयांत त्यामुळे मराठी पुस्तकं आकड्यांच्या भानगडीत न पडता वेगळ्या कपाटात लेखकाच्या नावाने लावतात. तुमच्याकडे कसं आहे ते विचारून घ्या.

आणखी दोन आतल्या गोष्टी. काउंटरजवळ परत आलेल्या पुस्तकांची ढकलगाडी असते. आधी ती चाळायची. आजूबाजूचे लोक सध्या काय वाचताहेत ते तिथे दिसतं आणि पुष्कळदा चांगली पुस्तकं कपाटापर्यंत पोचतच नाहीत, गाडीवरूनच पुढच्या हातात जातात.

दुसरी: चाळलेलं पुस्तक स्वतः फळीवर ठेवू नका. टेबलावर ठेवून द्या. एक तर चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. शिवाय बरीच ग्रंथालयं टेबलावर राहिलेल्या पुस्तकांचीही नोंद करतात. घरी न नेताही कोणीतरी ते वापरलं, असं त्यावरून कळतं. जुनी, पडून राहिलेली पुस्तकं अधूनमधून बाद करावी लागतात, नाहीतर नव्यांना जागा कुठून आणायची? बाद करायच्या यादीवर हात फिरवताना आम्ही हीच नोंद बघतो. म्हणजे एखादं आवडतं पण कोणी न नेणारं पुस्तक वाचवायचं असेल, तर ते वर्षातून एकदा नुसतं काढून टेबलावर ठेवा! (ही सूचना नियमात बसते का, विचारू नका.)

हवं ते पुस्तक नसेल तर हात हलवत परतू नका. खरेदीसाठी सुचवायचा अर्ज बहुतेक ठिकाणी असतो. त्यावर नुसतं "अमक्याची ती नवी कादंबरी" लिहिलं तर तो अर्ज धूळ खातो. पुस्तकाच्या मागचा आयएसबीएन क्रमांक लिहा. २००७ पासून तो १३ आकड्यांचा आहे, त्याआधी १० आकड्यांचा असे. आवृत्ती बदलली की क्रमांक बदलतो, त्यामुळे खरेदी करणाऱ्याचा घोळ होत नाही. आणि विकत घेण्याजोगं नसेल, छपाईत नसेल, तर आंतरग्रंथालयीन देवघेव, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक मागवून देण्याची सोय, आहे का ते विचारा. वर्ल्डकॅट नावाची जगभरच्या ग्रंथालयांची सामाईक यादी इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येते. पुस्तक कुठल्या ग्रंथालयात आहे ते तिथे शोधायचं, त्या नोंदीचा कागद छापून घेऊन काउंटरवर जायचं. यायला वेळ लागतो, पण येतं.

दोनपिल्लांचीआई

वा काका, ढकलगाडीचं पटलं. आमच्याकडे त्या गाडीवरून भांडणं होतात.

मनीप्लांट, मुलीविषयी लिहिते. पहिली गोष्ट, कार्ड तिच्या नावाचं काढ. तुझ्या कार्डावर तिची पुस्तकं नको. मुलांची सभासद होण्याची अट काय आहे ते विचार. सही करण्याइतकं नाव लिहिता येतं म्हटल्यावर माझा धाकटा कॉलर ताठ करूनच फिरत होता.

पुस्तक तिला निवडू दे आणि पाच बोटांची युक्ती शिकव. मधलं कुठलंही पान उघडायचं, वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पानभरात पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक सध्या तू वाचून दाखवायचं. दोन-तीन मिटली तर तिचं तिने वाचायचं. एकही नाही मिटलं तरी नेऊ दे, सोपं वाचण्यातही सुख असतंच की. एकच पुस्तक पुन्हा पुन्हा आणलं तर "परत तेच?" असं म्हणायचं नाही. माझ्या मोठीने डायनासोरचं एक पुस्तक इतक्या वेळा बदलून आणलं की काउंटरवरचे दादा ते तिच्यासाठी ड्रॉवरमध्येच ठेवायला लागले.

आता बाल विभागातला गोष्टींचा तास. तो मुलांसाठी असतो असं आपण समजतो. मी मात्र गोष्ट संपल्यानंतरच्या पाव तासासाठी जायचे. मुलं चटया गुंडाळण्याच्या नावाखाली लोळत असतात आणि आया, आज्या, बाबा चपला शोधता शोधता बोलायला लागतात. बालरोगतज्ज्ञ कोण बरा, शाळेची बस कुठे थांबते, पाळणाघर कुठलं, सगळं मला तिथे कळलं. तू लिफ्टमधल्या मानांचं लिहिलंस म्हणून मुद्दाम सांगते.

आणि खेळणी! खेळणी घरी न्यायला देणारी ग्रंथालयं असतात, तुमच्या समाजकेंद्रात विचारून बघ. हे काही आजचं खूळ नाही, लॉस एंजेलिसमध्ये १९३५ साली, मंदीच्या काळात, अशी खेळण्यांची देवघेव सुरू झाली होती. फक्त परत देताना चित्रकोड्याचे तुकडे घरीच मोजून ने. काउंटरवर दोघांनी मिळून मोजत बसायचं, एक कमी भरायचा आणि तो सोफ्याखाली निघायचा, हे आमच्याकडे नेहमीचं.

कानसेन

सासऱ्यांच्या प्रश्नावर बोलतो, कारण मी स्वतः त्या वाटेवर आहे. माझी नजर मध्यभागी गेलीय, कडेचं दिसतं. वाचन कानांनी करतो.

डोळे आणि हात या दोन वेगळ्या अडचणी धरा. नजर थोडी असेल तर मोठ्या टायपातली पुस्तकं आहेत. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक थॉर्प यांनी १९६४ साली ती काढायला सुरुवात केली, ती इंग्रजीत भरपूर मिळतात. मराठीत तुरळक. म्हणून मराठीसाठी ई-पुस्तक बरं: अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, पार्श्वभूमी काळी करता येते. मात्र पानाचे फोटो काढून केलेली पीडीएफ घेऊ नका. तिच्यात अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि मग माणूस वाचण्याऐवजी बोटाने पान सरकवत बसतो. थरथरत्या हातांना ते कुठे जमणार?

हात थरथरत असतील तर आधी पुस्तकासाठी स्टँड. साधा, टेबलावर ठेवायचा. यावर लोक शेवटी येतात, ते आधी करा.

आणि ही एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. दृष्टिहीनांसाठीच्या पुस्तकांच्या सोयी फक्त दृष्टिहीनांसाठी नसतात. २०१३ साली माराकेश इथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी स्वामित्वहक्काची परवानगी न मागता सुलभ प्रती करता याव्यात, त्या देशाबाहेरही पाठवता याव्यात, असा. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत, २०१४ मध्ये. त्या करारात अंध आणि अधू दृष्टीच्या माणसांबरोबरच शारीरिक कारणाने पुस्तक धरता येत नाही किंवा पान उलटता येत नाही अशी माणसंही येतात. तेव्हा सासऱ्यांची नजर "तेवढी वाईट नाही" असं कोणी म्हणालं, तर हातांचं सांगा. डॉक्टरांचं पत्र लागेल, ते आधीच घेऊन ठेवा.

या सेवांमध्ये डेझी नावाच्या प्रकारातली बोलकी पुस्तकं मिळतात. साध्या ध्वनिफितीत कुठे थांबलो ते शोधत बसावं लागतं. डेझीत प्रकरणावरून प्रकरणावर, कधी कधी पानावरून पानावर उडी मारता येते, खूण ठेवता येते. झोप लागली तर काय, हा ऐकणाऱ्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न असतो, त्यावर झोपेचा टायमर आहे.

जन्मभर डोळ्यांनी वाचलेल्या माणसाला सुरुवातीला ऐकणं म्हणजे वाचन वाटतच नाही. मीही चिडायचो. वाचणाऱ्याचा आवाज मध्ये मध्ये येतो असं वाटतं. त्यासाठी आधी वाचून झालेलं, आवडतं पुस्तक लावा, नवीन नको. कथा ठाऊक असली की कान फक्त आवाजाची सवय करून घेतात. आणि कृपा करून पुस्तक त्यांनाच निवडू द्या. डोळे गेलेल्या माणसाला सगळे आध्यात्मिकच आणून देतात, का ते मला आजतागायत कळलेलं नाही. मला रहस्यकथा लागतात.

रात्रपाळी

कानसेन, शेवटच्या दोन वाक्यांना दंडवत.

पण माझ्या रांगेचं कोणी बोललंच नाही. ई-पुस्तकाला रांग का?

काउंटरपलीकडून

रात्रपाळी, तुमचा राग रास्त आहे, पण तो ग्रंथालयावर काढू नका. छापील प्रत ग्रंथालय विकत घेतं आणि ती फाटेपर्यंत त्याची असते. ई-पुस्तकाचा बहुतेक वेळा फक्त परवाना मिळतो: एका वेळी एकच वाचक, आणि ठरावीक मुदत किंवा ठरावीक वाचक झाले की परवाना संपला, पुन्हा पैसे मोजा. २०११ साली हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने एका ई-प्रतीवर २६ देवघेवींची मर्यादा घातली तेव्हा जगभरच्या ग्रंथपालांनी आरडाओरडा केला होता. ती २६ आठवली की अजून हसू येतं. बरी बांधणी असेल तर आमच्याकडची छापील पुस्तकं त्याच्या कितीतरी पट हात फिरून येतात.

त्यामुळे रांगेत नाव घाला आणि विसरून जा. पाळी आली की कळवतात. आलेलं पुस्तक लगेच वाचायचं नसेल तर बऱ्याच ॲपमध्ये पाळी पुढे ढकलता येते, नंबर न घालवता. आणि वाचून झालं की मुदतीची वाट न बघता परत करा, मागे कोणीतरी ताटकळत असतं.

वेळेचं म्हणाल तर इमारत बंद असली तरी परतीची पेटी बहुधा बाहेर असते, मुदत घरबसल्या वाढवून घेता येते, राखून ठेवलेलं पुस्तक घरच्या कोणालाही कार्ड देऊन आणायला सांगता येतं का ते विचारा. तरीही वेळ गैरसोयीची असेल तर लेखी सूचना द्या. तोंडी तक्रार आम्ही ऐकतो आणि संध्याकाळी विसरतो. लेखी आली की ती समितीपुढे ठेवावी लागते. वेळ बदलण्याचा हट्ट धरणारे पाच अर्ज मी पाहिलेत आणि त्यांनी काय हलतं तेही.

विलंब शुल्काला घाबरून लांब राहणारेही पुष्कळ. पुस्तक उशिरा झालं, आता कुठल्या तोंडाने जाऊ, म्हणून माणूस वर्षानुवर्षं येत नाही. पुस्तकही जातं, वाचकही जातो. हे ध्यानात आल्यावर शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या ग्रंथालयाने २०२१ मध्ये विलंब शुल्क बंदच करून टाकलं. तुमच्याकडे असेल तरी सांगतो, जुनं पुस्तक घेऊन गेलात तर काउंटरवरच्या माणसाला दंडापेक्षा पुस्तक दिसल्याचा आनंद जास्त होतो.

तिथल्या संगणकाबद्दल एक सूचना सगळ्यांनाच. अर्ज भरायला, छापायला तो वापरा, पण उठण्याआधी मेलमधून बाहेर पडा आणि डाउनलोड झालेल्या फाइली पुसून टाका. आमच्या यंत्रांवर लोकांची ओळखपत्रं, पगाराचे कागद, एकदा तर अख्खं घटस्फोटाचं प्रकरण पडलेलं सापडलं होतं. स्कॅनरच्या काचेखाली मूळ प्रमाणपत्र विसरणं तर रोजचंच.

मनीप्लांट

सगळ्यांचे मनापासून आभार! जाऊन आले, म्हणून लिहितेय.

काका, तुम्ही सांगितलंत तसं सगळंच एका दमात त्या बाईंना सांगून टाकलं. त्यांनी चष्मा वर केला, कोरी चिठ्ठी घेतली आणि म्हणाल्या, "एकेक करू." लेकीचं कार्ड झालं, तिने सही करताना नाव रेघेबाहेर गेलं म्हणून दुसरा अर्ज मागितला. सासऱ्यांसाठी मराठी बोलकी पुस्तकं त्यांच्याकडे फारच थोडी आहेत, हे त्यांनी सरळ सांगितलं. पण डेझीवाल्या सेवेचा अर्ज दिला आणि घरी येऊन वाचून दाखवणारे स्वयंसेवक शेजारच्या केंद्रातून मिळतात म्हणाल्या. सासरेबुवा आधी "मला कोणी परका माणूस वाचून दाखवायला नको" म्हणाले. मग कानसेन यांचं रहस्यकथेचं वाक्य त्यांना वाचून दाखवलं. आता त्यांची अट अशी आहे की येणाऱ्याला वाचता वाचता मध्ये थांबून वाद घालता आला पाहिजे.

दुपारच्या जागेचं फारसं जमलं नाही. खिडकीजवळची टेबलं परीक्षेला बसणारी मुलं सकाळीच धरतात, आणि मला फोनवर बोलावं लागतं ते वाचनकक्षात चालत नाही. त्यावर बाईंनी समाजकेंद्रातली छोटी खोली दाखवली. नोंदणी करून तासाभरासाठी मिळते, दुपारी सहसा रिकामीच असते. सूचना फलकावर त्याचा कागद आहे म्हणे, तिसऱ्या थरात असावा.

तिथेच वस्तू दुरुस्तीच्या शनिवाराची जाहिरात पाहिली. आपला बंद पडलेला पंखा किंवा मिक्सर घेऊन जायचा, जाणकार माणूस आपल्याला शेजारी बसवून उघडायला शिकवतो. यजमान, ज्यांना सगळं मोबाईलवर मिळतं, ते जुना रेडिओ घेऊन जाणार आहेत.

रात्रपाळी

ही कल्पना २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा नावाच्या बाईंनी सुरू केली, आता बऱ्याच देशांत पसरलीय. यात मला खरंच रस आहे, माझं कामच यंत्रांचं. वाचनालयात नसेल येत, पण शनिवारी सुट्टी असते. आमच्याकडे आहे का विचारतो. नसेल तर लेखी अर्ज, काय काका?

काउंटरपलीकडून

लेखी. आणि खाली "मी स्वतः यायला तयार आहे" असंही लिहा. मग तो अर्ज कोणी बाजूला ठेवत नाही.

मनीप्लांट

शेवटचं एक विचारते. सासऱ्यांची दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत. आता त्यांना वाचता येत नाहीत तर वाचनालयाला देऊन टाकू म्हणतात. गोण्या भरून नेऊन दिल्या तर घेतील ना?

काउंटरपलीकडून

गोण्या नेऊ नका! देणगीची पुस्तकं हा ग्रंथपालाचा नाजूक विषय आहे. लोक प्रेमाने आणतात, नाही म्हणवत नाही आणि त्यातली बरीचशी आमच्याकडे आधीच असतात, किंवा वाळवी लागलेली, किंवा जुन्या अभ्यासक्रमाची. फुकट आलेलं पुस्तकही फुकट पडत नाही: दाखल अंक, आकडा, लेबल, वेष्टन, जागा. आधी नावांची यादी करा, लेखक आणि साल घालून. ती काउंटरवर द्या, त्यांना हवी ती ते खुणा करून देतील. उरलेली विकून त्या पैशांत नवीन घेतली तर चालेल का, हेही आधीच ठरवा. नाहीतर पुढे कधी सासऱ्यांच्या सहीचं पुस्तक बाहेरच्या विक्रीच्या टेबलावर दिसलं तर त्यांना लागेल.

पण यादी करताना दुसरी एक रास वेगळी काढा. जुन्या स्मरणिका, शाळेचे अहवाल, मंडळांची पत्रकं, नाटकांच्या जाहिराती, मागे नावं लिहिलेले फोटो. घरच्यांना तो कचरा वाटतो. पुस्तकाच्या शेकडो प्रती कुठे ना कुठे असतात, यांची बहुधा तीच एक असते. स्थानिक इतिहासाचा कोपरा असलेल्या ग्रंथालयाला यातलं काहीही दाखवा, खुर्ची पुढे करतील. फोटोंमागे नावं नसतील तर सासऱ्यांना विचारून पेन्सिलीने लिहून घ्या, बॉलपेनने नको, दाब पडून पुढच्या बाजूला उठतो.

मनीप्लांट

स्मरणिका आहेत, ढीगभर. पण त्या इथल्या नाहीत, ते नोकरीला होते त्या गावच्या आहेत. मग?

काउंटरपलीकडून

मग त्या त्या गावच्या ग्रंथालयाला हव्या असतील. तिथे फोन करा, काय आहे ते सांगा, सालं सांगा. पोस्टाने पाठवायची घाई करू नका. पुष्कळदा कोणीतरी घ्यायलाच येतं.